बोंडअळी, जनुके आणि जन्माचा अभिमान
(जालना जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विहारात धम्मावर बोलावे, हक्कांवर बोलावे, मुलांच्या शिक्षणावर बोलावे; जनुके आणि उत्क्रांती हा महाविद्यालयातील विषय येथे कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मी प्रथमच देतो. आपल्या वाडवडिलांना शेकडो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले गेले, ते कशाच्या आधारावर? त्यांनी काही गुन्हा केला होता म्हणून नव्हे. ‘जन्म’ या एका शब्दाच्या आधारावर. अमक्याच्या पोटी जन्माला आला म्हणून तो उच्च, तमक्याच्या पोटी जन्माला आला म्हणून तो नीच. आणि हे उच्चनीचत्व रक्तातून पुढच्या पिढीत उतरते, असा तो सिद्धांत होता. त्या सिद्धांताचा आपण दीक्षा घेताना त्याग केला. परंतु त्याग करणे ही एक गोष्ट आणि तो खोटा का आहे हे समजून घेणे ही दुसरी गोष्ट होय.

हा जुना दावा आज शास्त्राची भाषा बोलू लागला आहे, हे आपण लक्षात घ्या. पूर्वी म्हणत, हे गेल्या जन्मीच्या पापाचे फळ आहे; आता म्हणतात, हे त्यांच्या जनुकांतच आहे. पूर्वी म्हणत, रक्त शुद्ध राखा. आता त्याच तोंडाने डीएनएची गोष्ट काढतात. ज्याने ते शास्त्र वाचलेले नाही तो मनुष्य अशा वेळी गोंधळतो. त्याला राग येतो, परंतु उत्तर देता येत नाही. म्हणून ही पुस्तके आपल्या घरात आली पाहिजेत, आपल्या मुलामुलींनी आणि आपण मोठ्यांनीही ती वाचली पाहिजेत, एवढे एकच सांगण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे.

हा मार्ग नवा नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या विषयावरील आपले न झालेले भाषण छापून प्रसिद्ध केले. जातीमुळे वंश शुद्ध राहतो आणि सुधारतो, असे म्हणणाऱ्यांना त्यात त्यांनी जे उत्तर दिले, त्यात केवळ धर्मग्रंथांची साक्ष नाही. त्या काळचे आनुवंशशास्त्राचे थोर पंडित बेटसन यांच्या ग्रंथाचा त्यांनी आधार घेतला आणि दाखवून दिले, की मनाचे वरिष्ठ गुण एखाद्या सोप्या नियमाने बापाकडून मुलाकडे उतरतात असे शास्त्र सांगत नाही. पुढे १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या प्रश्नावर लिहिताना त्यांनी नाकाडोक्याच्या मापांचे आकडे स्वतः तपासले आणि अस्पृश्य हा निराळा वंश नव्हे, असा निष्कर्ष काढला. आणि १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही हा विषय आलेला आहे. मूल आईबापांकडून गुण घेते असे विज्ञान म्हणते. उलट पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतात मूल सर्व काही आपल्यासोबतच घेऊन येते आणि आईबापांचा वाटा शरीरापुरताच उरतो. ही विसंगती त्यांनी तेथे उघड केली. तात्पर्य, बाबासाहेब आनुवंशशास्त्र वाचत होते. ज्याने आपल्याला ‘शिका’ असे सांगितले, त्याने स्वतः हे शिक्षण घेऊन मग ते सांगितले आहे.

आता हे शास्त्र काय सांगते ते पाहू. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपला जिल्हा बियाण्यांचा जिल्हा आहे, कपाशीचा आणि मोसंबीचा जिल्हा आहे. डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाचा आरंभसुद्धा जंगलापासून केलेला नाही. शेतकरी आणि पशुपालक आपल्या पिकांत व जनावरांत कशी निवड करतात, तेथून केला आहे. आपणही तेथूनच आरंभ करू.

आपल्या बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे आणि तेथून निघालेले तुरीचे वाण आपल्यापैकी अनेकांनी पेरले असतील. ‘बीएसएमआर ७३६’ हे त्यांपैकी एक. तुरीवर मर नावाचा रोग येतो. उभे झाड वाळून जाते. या रोगाला दाद न देणारा वाण मिळवायचा असेल तर शास्त्रज्ञ काय करतात? ज्या जमिनीत त्या रोगाची बुरशी मुद्दाम राखलेली आहे, तेथे तुरीच्या निरनिराळ्या ओळी लावतात. बहुतेक झाडे मरतात. जी थोडी तगतात त्यांचे बी राखतात आणि पुन्हा लावतात. असे वर्षानुवर्षे केल्यावर रोगाला तोंड देणारा वाण हाती येतो. यात तीन गोष्टी आहेत. पहिली, झाडाझाडांत मुळातच फरक होता. दुसरी, तो फरक बियाण्यातून पुढे उतरत होता. तिसरी, काही झाडे मेली आणि काही उरली. फरक, वारसा आणि निवड, एवढे तीन शब्द ध्यानात ठेवा. येथे निवड माणसाने केली.

परंतु निवडणारा कोणीच नसला तरी हेच घडते, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत कपाशीच्या शेतात घडले आहे. जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे आपण जिला महिको म्हणतो ती, स्थापन केली. जमिनीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवाणूत असा एक पदार्थ तयार होतो की तो अळीच्या पोटात गेला तर तिचे आतडे निकामी होते. तो पदार्थ घडवणारे जनुक अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कपाशीत घातले. महिकोने ते आपल्याकडील संकरित वाणांत आणले, आणि मार्च २००२ मध्ये भारत सरकारने अशा तीन वाणांना लागवडीची परवानगी दिली. हीच बीटी कपाशी. २००६ साली दोन जनुके घातलेले वाण आले. पुढील काही वर्षांतच देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटीची झाली. आरंभी बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हे आपण पाहिले आहे.

मग काय झाले? २०१० साली गुजरातमधील काही जिल्ह्यांत एक जनुक असलेल्या कपाशीवर शेंदरी बोंडअळी जिवंत राहते, असे जाहीर झाले. पुढे दोन जनुके असलेल्या कपाशीवरही ती टिकू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने इतके नुकसान केले की राज्य शासनाला मदत जाहीर करावी लागली. वरून बोंड हिरवेगार, आणि फोडून पाहावे तर आत सरकी खाल्लेली व कापूस कवडी झालेला! फुलांच्या डोमकळ्या झालेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

गावात आपण म्हणतो, अळीला औषधाची सवय झाली. हा शब्द चुकीचा आहे, आणि ही चूक समजली की उत्क्रांती निम्मी समजली. कोणत्याही एका अळीला सवय झाली नाही. जी अळी ते बोंड खाऊन मरणार होती ती मेलीच. परंतु लाखो अळ्यांत काही थोड्या अशा होत्या की त्यांच्या जनुकांत आधीपासूनच निराळेपण होते, आणि त्या पदार्थाचा त्यांच्यावर परिणाम होत नव्हता. बाकीच्या मेल्या, याच उरल्या. त्यांचे पतंग झाले, त्यांनी अंडी घातली, आणि त्यांचे ते निराळेपण पुढील पिढीत उतरले. एका हंगामात या अळीच्या अनेक पिढ्या होतात. त्यामुळे जे तुरीच्या वाफ्यात शास्त्रज्ञांनी हेतूने केले, ते कपाशीच्या शेतात कोणाच्याही हेतूशिवाय झाले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. अळीने प्रयत्न केला नाही, देवाने अळीवर कृपा केली नाही, शेतकऱ्याच्या पूर्वकर्मात काही लिहिलेले नव्हते. कारण होते आणि त्या कारणाचा परिणाम झाला.

कारण कळले म्हणजे उपायही कळतो. येथे मेंडेल या धर्मोपदेशकाची आठवण केली पाहिजे. त्याने मठाच्या बागेत वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ साली ते प्रसिद्ध केले. जगाला त्यांचे महत्त्व १९०० साली कळले. प्रत्येक जीव एकेका गुणाविषयी दोन घटक बाळगतो, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्या घटकांनाच आज आपण जनुके म्हणतो. काही घटक असे असतात की ते एकटे असले तर दबून राहतात आणि दोन्ही बाजूंनी आले तरच प्रकट होतात. बोंडअळीतील प्रतिकाराचे घटक पुष्कळ अंशी असे दबणारे आहेत. म्हणून बीटीच्या भोवती काही ओळी साध्या कपाशीच्या लावाव्यात, असा नियम होता. ४५० ग्रॅमच्या बीटी पिशवीसोबत १२० ग्रॅम साधी सरकी मिळत असे ती याचसाठी. साध्या कपाशीवर साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग पुष्कळ होतील, बीटीतून वाचलेल्या थोड्या पतंगांचा संग त्यांच्याशी होईल, आणि होणाऱ्या संततीत प्रतिकार दबलेला राहून ती बीटीचे बोंड खाताच मरेल, असा तो हिशेब होता. ती छोटी पिशवी आपल्यापैकी किती जणांनी पेरली? पुष्कळांनी बांधावर टाकून दिली, कारण ती कशासाठी आहे हे त्यांना नीट समजावून कोणी सांगितले नाही. त्यात भर म्हणून फरदड राखली गेली; शेतात पऱ्हाटी उन्हाळ्यापर्यंत उभी राहिली आणि अळीला अन्न मिळतच गेले. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा अशी अनेक पिके खाते, त्यामुळे साध्या अळ्यांना आश्रय आपोआप मिळत राहिला; शेंदरी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. अमेरिकेतील ॲरिझोना भागात शेतकऱ्यांनी साधी कपाशी नियमाने लावली, तेथे प्रतिकार वर्षानुवर्षे लांबला. पुढे वांझ केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडण्यात आले, आणि २०१८ साली अमेरिकेने आपल्या कपाशीतून ही अळी संपल्याचे जाहीर केले. निसर्गाचा नियम दोन्हीकडे तोच होता. तेथे तो समजून घेऊन वागले. आपल्याकडे तो पिशवीवरील छापील मजकुरातच राहिला. अज्ञानाची किंमत क्विंटलमध्ये मोजावी लागते, ती अशी.

आता मोसंबीकडे पाहा. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे. मोसंबीची बाग आपण बी लावून करीत नाही. जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून कलम करतो. एका झाडाच्या डोळ्यांपासून शंभर कलमे केली तर ती शंभर झाडे जनुकांच्या दृष्टीने एकाच झाडासारखी असतात. फळ एकसारखे मिळते, हा लाभ. परंतु एका झाडाला जो रोग मारील तो शंभरांना मारू शकतो, ही हानी. फरकच नसेल तर निवडीला वाव कशात राहणार? जे लोक शुद्धतेची थोरवी गातात त्यांना हे सांगावे, की निसर्गात फरक हा कलंक नव्हे. जीवजातीचे ते भांडवल आहे.

येथून आपण माणसाकडे येतो. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त आपल्या घरी वाचले जावे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण, मनुष्य जन्माने श्रेष्ठ होतो की आचरणाने, हा वाद घेऊन भगवान बुद्धांकडे आले. बुद्धांनी त्यांना गवत व झाडे, किडे व पतंग, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी दाखविले. यांच्यात जन्माने ठरणारी वेगवेगळी लक्षणे आहेत, परंतु माणसामाणसांत केस, डोके, डोळे, नाक यांवरून अशी निराळी जात दाखविता येत नाही, असे त्यांनी सांगितले. शेतकरी शेतीने ओळखला जातो, व्यापारी व्यापाराने; जन्माने नव्हे. हे बुद्धांनी निरीक्षणावरून सांगितले. त्या सुत्तात जनुके नाहीत, उत्क्रांती नाही, आणि ती आहेत असे आपण म्हणू नये. परंतु जो प्रश्न त्यांनी विचारला त्याला आजच्या शास्त्राने काय उत्तर दिले हे पाहणे योग्य होय.

माणसाच्या सर्व जनुकांचा आराखडा २००३ साली मुख्यतः पूर्ण झाला. कोणतीही दोन माणसे घ्या, त्यांच्या डीएनएच्या मजकुरात हजारांत सुमारे नऊशे नव्व्याण्णव अक्षरे सारखी निघतात. १९७२ साली लेवॉन्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हिशेब करून दाखविले, की माणसांत जो काही जनुकीय फरक आहे त्यापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजातील व्यक्तीव्यक्तींत असतो. म्हणजे आपल्या गल्लीतील दोन शेजाऱ्यांत जो फरक असेल त्याच्या मानाने समाजासमाजांतील फरक थोडा.

आपल्या देशाविषयीचे संशोधन याहून बोलके आहे. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील निरनिराळ्या मूळ लोकांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली. ब्राह्मण असो, अस्पृश्य मानलेला समाज असो की आदिवासी असो, तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक समाजात हे मिश्रण सापडले. प्रमाण कोठे कमी, कोठे अधिक, एवढाच फरक. आणि त्या प्रमाणाने कोणाची योग्यता ठरत नाही. त्यानंतर मात्र आपापसातच लग्न करण्याचे बंधन घट्ट झाले. येथे आपण १९१६ सालची आठवण करा. पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला आणि जातीचे मर्म जातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे, असे प्रतिपादन केले. पेशीतील मजकूर वाचण्याचे यंत्र त्या वेळी नव्हते. जे त्यांनी समाजाच्या निरीक्षणाने ओळखले त्याच्या खुणा शंभर वर्षांनी आपल्या रक्ताच्या थेंबात सापडल्या. जाती निसर्गाने केल्या नाहीत. माणसांनी विवाहावर घातलेल्या कुंपणाने केल्या. आणि कुंपण माणसाने घातले असेल तर ते माणसाला काढताही येते.

कोणी म्हणेल, तरीही बुद्धी, उंची, शक्ती हे गुण आनुवंशिक नाहीत काय? जनुकांचा वाटा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात नुसत्या उंचीशी संबंधित असे डीएनएमधील बारा हजारांहून अधिक बारीक फरक सापडले. एकेकाचा परिणाम नगण्य. ते एका जातीच्या पेटीत बंद असतील अशी कल्पनाही हास्यास्पद आहे. शिवाय एकाच पिशवीतील सरकी काळ्या भारी जमिनीत पाणी देऊन लावा, आणि तीच मुरमाड माळावर कोरडवाहू लावा. पीक सारखे येईल काय? माळावरचे पीक खुजे दिसले म्हणून कोणताही शेतकरी म्हणत नाही की पिशवीतले बी नीच कुळीचे होते. तो जमीन पाहतो, पाणी पाहतो, खत पाहतो. हा साधा न्याय सरकीला मिळतो. तो ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारली, पाणवठा नाकारला, शाळा नाकारली त्यांनाही मिळाला पाहिजे.

एक गोष्ट आपल्या आरोग्याची सांगतो. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आढळतो. आईबाप दोघांकडूनही त्याचे जनुक आले तर मूल आजारी होते. एकाच बाजूने आले तर बहुधा त्रास होत नाही, उलट हिवतापाच्या घातक स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. १९५४ साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेत हे दाखवून दिले. म्हणून जेथे हिवतापाचे थैमान होते तेथे हे जनुक टिकले: आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि आपल्याकडेही. तो ना पापाचे फळ, ना हलक्या जातीची खूण. हिवतापाने केलेली ती नैसर्गिक निवड आहे. विदर्भात सोयरीक असलेली घरे येथेही असतील. त्यांना माझे सांगणे, की विवाहापूर्वी मुलाने आणि मुलीने दोघांनीही रक्त तपासून घ्यावे. यात लाज नाही. आणि दोष निघाला तर तो मुलीच्या माथी मारू नका. मेंडेलच्या हिशेबात आईचा आणि बापाचा वाटा समान आहे.

ही पुस्तके वाचताना काही खड्डे लागतात, तेही दाखवून ठेवतो. पहिला खड्डा ‘बळी तो कान पिळी’ हा. बळकटाने दुर्बळाला चिरडावे हा निसर्गाचा नियम आहे, असे सांगून डार्विनचे नाव घेणारे पुष्कळ निघाले. ‘सर्वांत योग्य तो टिकतो’ हा शब्दप्रयोग मुळात स्पेन्सर याचा, १८६४ सालचा. डार्विनने तो नंतर उचलला. योग्य म्हणजे त्या परिस्थितीत टिकणारा, एवढाच तेथे अर्थ आहे. थोर किंवा चांगला असा नव्हे. बीटीच्या शेतात बोंडअळी योग्य ठरली म्हणून आपण तिला नमस्कार करतो काय? निसर्गात काय घडते हे शास्त्र सांगते. माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हे शील सांगते. एकाची जागा दुसऱ्याला दिली म्हणजे काय अनर्थ होतो, हे जर्मनीत हिटलरच्या राज्याने वंशशुद्धीच्या नावाने केलेल्या कत्तलींनी जगाला दाखविले. रिचर्ड डॉकिन्स यांचे १९७६ सालचे प्रसिद्ध पुस्तक जनुकांना स्वार्थी म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ माणसाने स्वार्थी व्हावे असा नाही. पुस्तकाचे नाव वाचून मत बनवू नये.

दुसरा खड्डा, हे सर्व आमच्या प्राचीन ग्रंथांत होतेच, असे म्हणण्याचा. कोणी दशावतारांत उत्क्रांती दाखवितात. आपण त्यांना हसावे आणि स्वतः मात्र त्रिपिटकात जनुके शोधावीत, हे शोभणारे नाही. ज्या कसोटीवर दुसऱ्याचा ग्रंथ घासतो त्याच कसोटीवर आपलाही घासावा, हीच केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी दिलेली शिकवण आहे: परंपरेने आले म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, गुरूने सांगितले म्हणूनही नको. मी येथे उभा राहून सांगतो म्हणूनही मानू नका. बोंड फोडून पाहा.

मग वाचावे कोठून? आरंभ अगदी घरातून होतो. २०१८ साली आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. २०२३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशभरच्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी जाहीर पत्र काढून विरोध केला. जो पाठ शाळेतून निघून जाऊ शकतो तो घरात वाचला गेला पाहिजे, हा त्यातील धडा. मराठीत ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक १९२८ साली सुरू झाले. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. मराठीत शास्त्र सांगण्याची परंपरा जुनी आहे. तिच्यावर आपलाही हक्क आहे. १९५० साली बाबासाहेबांनी त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा जालना त्याच जिल्ह्याचा भाग होता. ज्या मुलखात आपल्या माणसांना शाळेच्या दारात उभे करीत नसत, तेथे त्यांनी आपल्यासाठी ज्ञानाचे दार उघडले. त्या दारातून आत जाणे हे आपले काम.

वाचण्याची रीतही सांगतो. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. घरातील मुलीने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. आजीला अक्षर येत नसेल तरी सरकी, तूर आणि मोसंबी तिला शास्त्रज्ञाइतकी ठाऊक आहे, तिला विचारा. प्रत्येक विधानाला चार प्रश्न लावा: हे कोणी पाहिले? किती वेळा पाहिले? दुसऱ्या कोणी तपासले काय? आणि हे खोटे असते तर काय दिसले असते? जे या प्रश्नांना टिकेल ते घ्या, जे टिकणार नाही ते सोडा. कठीण शब्द आला तर थांबा, परंतु पुस्तक मिटू नका.

बंधूंनो आणि भगिनींनो, धम्मदीक्षेने आपण जन्माचे ओझे उतरविले. ते ओझे पुन्हा कोणी शास्त्राच्या नावाने आपल्या मुलांच्या पाठीवर ठेवू लागला तर त्याच्याशी भांडण्यापूर्वी आपल्या मुलाला त्याला विचारता आले पाहिजे, की महाराज, कोणते जनुक, आणि ते कोणी मोजले? तेवढा प्रश्न शांतपणे विचारण्याइतके ज्ञान प्रत्येक घरात यावे. पेरणीपूर्वी आपण बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचतो. तसाच आपल्याविषयी जगाने लिहिलेला मजकूरही स्वतः वाचू लागू या.

जयभीम.